पावणं जेवल्याशिवाय

१

नवा डीव्हीडी प्लेअर पाहिजे असं म्हटलं की आजकाल दुकानदार आधी आपल्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि मग हसू दाबतो. राजारामपुरीतल्या एका दुकानात तर मला सरळ विचारलं, "काका, रेडिओ पण दाखवू काय?" मी पुढच्या दुकानाकडे वळलो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी नोकरी काढलेला माणूस मी. उसाचा रस तपासता तपासता डोकं थंड ठेवायची सवय लागून गेली आहे.

गरज आक्कासाठी होती. आक्का म्हणजे माझी आई. मोतीबिंदू काढूनही तिची नजर बेताचीच राहिली आहे, आणि मालिकांमधल्या सारख्या भांडणाऱ्या बायका तिला बघवत नाहीत. "आमच्यात काय कमी भांडणं झाली व्हय?" म्हणते. तिला आवडतात ती घरची कार्यं. माझ्या धाकट्या बहिणीचं, संयोगिताचं लग्न. आबांची पंचाहत्तरी. कसबा बावड्यातल्या या फ्लॅटची वास्तुशांत. माझ्या मुलीचं, मोनाचं लग्न. सगळ्याच्या डीव्हीडी, काही जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या, एका साडीच्या खोक्यात आहेत. दुपारची जेवणं झाली की आक्का पलंगावर टेकून बसते आणि हुकूम सोडते, "आज पंचाहत्तरी लाव." आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. ते तिला तिथेच भेटतात.

पण मोनाने दिवाळीला पुण्याहून भला मोठा टीव्ही पाठवला आणि घोटाळा झाला. जुन्या प्लेअरचं चित्र त्या पडद्यावर इतकं विसकटलं की आबा आणि आचारी एकसारखे दिसायला लागले. आक्का डोळे बारीक करकरून बघायची, आणि शेवटी बघणं सोडून नुसती ऐकत बसायची. ते मला सहन होईना.

लक्ष्मीपुरीत शशिधरच्या दुकानात माल सापडला. शशिधर मूळचा निपाणीकडचा, बोलायला गोड. त्याने खोक्यावरची धूळ झटकली.

"सर, ह्यो साधा न्हवं. डिस्कमधलं चित्र बारकं असतंय, तुमचा टीव्ही मोठा. मधी जागा मोकळी ऱ्हातीया. ती ह्यो भरून काढतोय."

"कशानं भरतोय?"

"शेजारचं बघून. अंदाजानं."

"अंदाजाला आम्ही रीडिंग म्हणत न्हाई, शशिधर."

"बघायला झ्याक दिसतंय की पण," तो म्हणाला, आणि मी पिशवी पुढे केली.

२

त्या दुपारी मी संयोगिताचं लग्न लावलं. पहिल्याच चित्राला आक्का उठून बसली.

खोटं कशाला बोलू, मीही खुर्ची पुढे ओढली. आबांच्या कानाजवळ मस होती हे मी विसरूनच गेलो होतो. त्यांचा फेटा, हातातली जिलेबीची परात, पंगतीत आग्रह करताना पुढे झुकलेली मान, सगळं लख्ख दिसत होतं. आक्का एकेकाला नावानं ओळखत सुटली. "ही बयाबाई, राधानगरीची. ह्यो तिचा थोरला. आणि गुंडूतात्या बघ, दुसऱ्यांदा बसलाय पंगतीला!" घरच्या कुठल्याही कार्यातला कुठलाही माणूस ओळखायचा, हा तिचा जुना मान. लग्नाच्या गर्दीत तिला अनोळखी असं कुणी नसतंच.

मग कॅमेरा पंगतीवरून मांडवाच्या तोंडाशी गेला आणि तिचं बोट हवेतच थांबलं.

"ह्यो कोण?"

मांडवाच्या तोंडाशी पांढरं कापड गुंडाळलेला एक खांब आहे. निदान इतकी वर्षं आम्ही तो खांब समजत होतो. आता तिथे माणूस उभा होता. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, दोन्ही हात पोटाशी एकमेकांत धरलेले. जेवायला कुणी बोलावतंय का याची वाट बघणारा माणूस उभा राहतो, तसा. बाकी सगळ्यांचे चेहरे त्या यंत्राने भरून काढले होते, त्याचा तेवढा राहिला होता. शर्टाच्या कॉलरवर एक पुसट, मळकट डाग होता, एवढंच.

"कुणाचा तरी पावणा असंल," मी म्हणालो.

"कुणाचा तरी असतोयच की पावणा. मी इचारतो, कुणाचा?"

मी पडद्याजवळ जाऊन बघितलं. कॅमेरा पुन्हा नवरीकडे वळला, पण आक्का नंतर कुणाचंही नाव घेईना.

३

दुसऱ्या दिवशी पंचाहत्तरी लावली, तिथेही तो होता. वास्तुशांतीला आमच्याच जिन्याच्या तोंडाशी होता. मोनाच्या लग्नाला मांडव नव्हता, हॉल होता. तो हॉलच्या दारात होता. या कार्यांच्या मधे किती वर्षं गेली! आबा गेले, गुंडूतात्या गेले, माझे केस पिकले. त्याचा शर्ट तोच होता, हात तसेच धरलेले होते, आणि प्रत्येक वेळी तो दाराच्या आत नव्हता आणि पुरता बाहेरही नव्हता.

मी घाबरलो, असं कुणी समजू नये. मी विचार केला. पहिला विचार, प्रत्येक गावात जेवणाचा वास काढत फिरणारा एखादा असतोच. पण असा माणूस दारात उभा राहत नाही, तो पहिल्या पंगतीला बसतो. दुसरा विचार, शूटिंगवाल्याचा दिवा धरणारा. पण हातात दिवा नव्हता. तिसरा विचार मला पटला. यंत्र अंदाजाने चित्र भरतं. उजेडाची एखादी उभी पट्टी दिसली की ते बिचारं तिचा माणूस करत असणार, आणि एकदा केलेला माणूस पुन्हा पुन्हा वापरत असणार. कामचुकार लोक कोष्टकातला कालचाच आकडा आज भरतात, तसं.

बायकोच्या, स्नेहलच्या जुन्या लॅपटॉपवर तीच डिस्क घालून बघितली. तिथे मांडवाच्या तोंडाशी नुसती पांढरट रेघ होती. खांब म्हणा, पडदा म्हणा, माणूस म्हणा.

"अहो, केटररचा माणूस असेल," स्नेहल म्हणाली. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला अजून नोकरी आहे आणि त्यामुळे अक्कलही. "रिटायर झाल्यापासून तुम्हाला कामच उरलं नाही."

तरी मी एक गोष्ट केली. संयोगिताच्या लग्नात तो दिसतो तिथे चित्र थांबवलं आणि पडद्यावर त्याच्या पायांशी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. प्रयोगशाळेत खूण केल्याशिवाय कुठल्याही बाटलीवर आमचा विश्वास नसायचा.

४

आमच्याकडे कार्यात शेवटची पंगत उठायच्या आधी घरच्या कर्त्याने मांडवाच्या तोंडाशी जाऊन हाक मारायची असते. जेवायचं कुणी राहिलंय का, असं मोठ्याने विचारायचं. कुणी राहिलं नाही अशी खात्री झाली की मगच घरच्या बायकांची पानं मांडतात. संयोगिताच्या लग्नात आबांचा आवाज बसला होता, म्हणून ती हाक मी मारली. डिस्कमध्ये ते सगळं आहे. तरणाबांड मी मांडवाच्या तोंडाशी येतो, रस्त्याकडे तोंड करून ओरडतो, "कोण ऱ्हायलंय काय जेवायचं?" आणि परत जातो. तो हातभर अंतरावर उभा आहे. त्याची मान माझ्याबरोबर वळते.

"तुला दिसला न्हाई व्हय रं?" आक्काने विचारलं.

"तिथं कोणच नव्हतं, आक्का. असतं तर मी धरून आणलं नसतं?"

"मग ह्यो कोण?"

"यंत्राचा अंदाज हाय त्यो."

आक्काने माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा शाळेत नापास झालो. "हाक सगळ्यास्नी मारतोस. पावण्याला हाताला धरून न्यावं लागतंय. भिडस्त असत्यात काहीजणं." मग तिचा आवाज ओला झाला. "आमच्या घरच्या एवढ्या कार्यांतनं माणूस उपाशी गेला की रं."

तिला खरंच वाईट वाटत होतं. तिच्या लेखी हे चोरीपेक्षा, खुनापेक्षा खालचं काम होतं. पलंगावरून पाय खाली सोडून ती टीव्हीकडे वळली आणि आमच्या कोल्हापुरी आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाली, "अवो पावणं, उभं का तिथं? या की आत! जेवल्याशिवाय जायचं न्हाई आता!"

मी हसलो. तीही हसली. डिस्क पुढे चालू राहिली, बँड वाजला, वरात निघाली, आणि मी उठून चहा ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी आक्का जेवली नाही. भूक नसेल म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी तिने भाकरीचा तुकडा परत टोपलीत टाकला तेव्हा मी चिडलो.

"काय झालंय तुला?"

"पावणं जेवायची हाईत अजून," ती म्हणाली. "पावणं जेवल्याशिवाय घरच्या बाईनं जेवायचं नसतंय."

हा नियम मला माहीत होता. लहानपणी पाहुण्यांची पंगत लांबली की आक्का आणि काकी स्वयंपाकघरात पाणी पिऊन तास न् तास बसलेल्या मी बघितल्या आहेत. पण ते खरे पाहुणे होते. मी तिला समजावलं, रागावलो, हात जोडले. तिचं एकच म्हणणं. तिने स्वतःच्या तोंडाने बोलावलं होतं, आता मागं फिरता येत नव्हतं.

प्लेअर काढून मी माळ्यावर टाकला. तेव्हा तिने पाणीसुद्धा सोडलं. "दारात माणूस उभा असताना दिवा मालवलास व्हय रं?" मी निमूटपणे माळ्यावरून प्लेअर उतरवला आणि लग्न लावलं.

चिकटपट्टीपाशी कुणी नव्हतं. तो मांडवाच्या आत आला होता. पंगतीच्या टोकाला, बसलेल्या माणसांच्या पाठीमागे, हात तसेच पोटाशी धरून उभा होता. जिलेबी वाढत आलेल्या आबांनी त्याला वळसा घातला. डिस्कवरचं चित्र बदलत नाही, हे मला तुमच्याइतकंच कळतं. पट्टी सरकली असेल, टीव्ही पुसताना स्नेहलने काढून दुसरीकडे लावली असेल. मी संध्याकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, "कसली पट्टी?"

डॉक्टर घरी आले, वयाचं आहे म्हणाले, ताकदीचं औषध लिहून दिलं. औषध पाहुण्याच्या आधी चालतं का, यावर आक्काने बराच विचार केला आणि नको म्हणाली. तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या. टीव्हीतल्या माणसाचं मला तोवर काही वाटत नव्हतं. आईचं मनगट बघून मात्र मी घाबरलो. ती अशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात आपल्या हातात काय उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

६

उपाय स्नेहलने काढला. शाळेत मुलांबरोबर दिवस काढणाऱ्या बाईला सोंगाचं वावडं नसतं.

"वाढा की मग त्याला एक ताट. आक्कांचं समाधान होईल. आपलं काय जातंय?"

रविवारी दुपारी बेत ठरला. आक्का पलंगावरून देखरेख करत होती. लग्नातला पावणा, म्हणून गोड पाहिजे. मी जिलेबी आणली. स्नेहलने चपाती, वांग्याची भाजी, आमटी, भात केला. टीव्हीसमोर टेबल ओढून ताट मांडलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि मी लग्न लावलं. तो पंगतीच्या टोकाशीच उभा होता. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसू दाबत होती.

"म्हण की," आक्का कुजबुजली.

मला वेड्यासारखं वाटलं. तरी मी म्हणालो, "बसा पावणं. पान वाढलंय. सावकाश होऊ द्या."

टीव्हीकडे बघायचं मी टाळलं, ताटाकडेच बघत राहिलो. ताटाला काहीच झालं नाही. टीव्हीत पंगतीचा गलका चालू होता, वाढप्यांच्या हाका, भांड्यांचे आवाज, मुलांचं रडणं. त्यात एक आवाज जरा जवळचा वाटला. आमटीचा भुरका मारल्याचा. एक, मग थोडं थांबून दुसरा. संयोगिताच्या लग्नात मसालेभात होता, कढी होती, कुर्मा होता. आमटी नव्हती. स्नेहलचं हसू थांबलं होतं. तिने आमच्याकडे पाठ केली आणि गॅसवरचं पातेलं उगाचच दुसरीकडे ठेवलं.

"झालं," आक्का थोड्या वेळाने म्हणाली. "आता माझं पान घ्या."

ती पोटभर जेवली. दोन चपात्या, भात, वरून जिलेबी. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे मोनाला फोन लावला. नंतर ते ताट टाकायला जिवावर आलं म्हणून मी स्वतःच खायला बसलो. आमटीला मीठ नव्हतं, तिखट नव्हतं. पातेल्यातली आमटी झणझणीत होती. जिलेबी नुसती ओल्या कागदासारखी लागली. माझ्यापाशी मोजायचं यंत्र नव्हतं, पण साखर आहे की नाही हे कळायला मला यंत्र लागत नाही.

मी ते सगळं संपवलं आणि स्नेहलला काही सांगितलं नाही. तिनेही मला काही विचारलं नाही.

७

डिस्कमध्ये तो आता नव्हता. मी चारही कार्यं लावून बघितली. मांडवाच्या तोंडाशी साधा खांब होता, कापड जरा सुटलेलं. आबा होते, गुंडूतात्या होते, सगळे जागच्या जागी होते. मला मोकळं वाटलं. झालं एकदाचं, असं मी मोठ्याने म्हणालो.

"हळू," आक्का म्हणाली. "आतल्या खोलीत पडल्यात जरा."

आतली खोली आक्काची. त्या दिवसापासून ती बाहेरच्या दिवाणावर झोपायला लागली. स्नेहल सकाळी शाळेला गेली की मागे आम्ही दोघं उरायचो. दुपारी आक्का आधी एक ताट आत नेऊन ठेवायची, मग स्वतः जेवायची. ते ताट जसंच्या तसं बाहेर यायचं आणि मी ते बेचव अन्न मुकाट्याने खायचो. मला काही वाटायचं नाही. आई जेवत होती. तिच्या पाटल्या पुन्हा मनगटापाशी थांबायला लागल्या होत्या. एका ताटाच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर कुणीही देईल.

दुपारी आतली खाट करकरायची, माणूस कूस बदलतो तशी. लाकूड उन्हाने तापतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, खालून उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि इमारतीला कंप बसायचा. अशी कारणं मी एकापुढे एक मांडत बसायचो आणि खाट आपलं काम करत राहायची. एकदा मी दार ढकलून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंगपोस मधोमध दबलेला होता आणि उशीवर ओल होती.

मग एका दुपारी आक्काने माझा हात धरला. जन्मभर ज्या बाईने कुजबुज म्हणून केलेलं बोलणंसुद्धा शेजारच्या घरात ऐकू गेलं, ती इतक्या हळू बोलली की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"धैर्या, ह्यास्नी आता जावा म्हण की."

"काय झालं?"

"म्हणत्यात, एवढं दिस तुमच्यात जेवलो. आता तुम्ही चला आमच्यात."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"रोज म्हणत्यात. किती येळा न्हाई म्हणू? वाईट दिसतंय." तिचे डोळे भरून आले होते. आपण केलेला आग्रह कुणी परत आपल्यालाच करावा आणि त्याला नाही म्हणायची रीत आपल्यापाशी नसावी, हे तिला आत्ता कळत होतं. "उद्या मला उठवून न्यायचं म्हणाय लागल्यात."

"तू कुठं जायाची न्हाईस," मी म्हणालो. "त्यास्नी मी पोचवून येतो."

८

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याचं ताट बाहेर आल्यावर, मी कपडे केले. धुतलेला शर्ट घातला, टोपी घातली. पाहुण्याला पोचवायला जायचं तर गबाळ्यासारखं जाऊन चालत नाही. आक्का दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. तिने अजून आपलं पान घेतलं नव्हतं.

आतल्या खोलीचं दार मी वाजवलं. "पावणं, चला. मी येतो खालपर्यंत."

खाट एकदाच करकरली. मी बाजूला झालो आणि त्याला पुढं जायला वाट दिली. समोरून कुणी गेलं नाही. पण आक्काची मान दारापासून उंबऱ्यापर्यंत हळूहळू वळत गेली, म्हणून मीही निघालो.

जिना मी सावकाश उतरलो. प्रत्येक मजल्यावर जरा थांबलो, वयस्कर माणसाबरोबर थांबतात तसा. लोक घरात वामकुक्षी घेत होते. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. उतरताना माझ्या डोक्यात एकच होतं, हा गेला पाहिजे आणि आई राहिली पाहिजे. काही वाईट बोलायचं नाही, त्याला दुखवायचं नाही, रागावून त्याने मागं फिरता कामा नये. गोडीगुलाबीने निरोप द्यायचा आणि फाटक लावून घ्यायचं.

फाटकापाशी मी थांबलो. उन्हात मळीचा वास भरला होता. समोरून उसाच्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याकडे चालली होती. मी हात जोडले आणि चार शब्द बोललो, पाहुण्याला निरोप देताना माणूस बोलतो तसे. तोंडातून ते आपसूक आले. माझ्या आबांनी, त्यांच्या आबांनी दारात उभं राहून असेच उच्चारले असतील.

एक ट्रॉली गेली. दुसरी यायच्या आत, रस्त्याच्या पलीकडे, तो उभा दिसला. पांढरा शर्ट. हात आता मोकळे सोडलेले होते. माझं बोलणं ऐकून त्याने मान वळवली होती, आणि त्याचा राहिलेला चेहरा आता भरलेला होता. आमच्या घरातला चेहरा होता. कुणाचा, ते मी सांगू शकत नाही. हनुवटी बघितली की आबा वाटायचे आणि डोळे बघितले की मोना. तो समाधानाने हसला. पुढची ट्रॉली आली, गेली, आणि पलीकडे नुसतं कुंपण राहिलं.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. मग फाटक लावलं. पाय हलके झाले होते. साठी उलटल्यापासून पहिल्यांदाच मी जिना न थांबता चढलो.

आक्का ताटावर बसली होती. मला एकट्याला बघून तिने हुश्श केलं आणि भाकरी मोडली. आतली खोली मी उघडून बघितली. पलंगपोस ताठ होता, उशी कोरडी होती. आता रात्री तू तुझ्या खाटेवर झोप, मी तिला म्हणालो. तिने मान हलवली. जेवताना तिच्या तोंडावर इतकी शांतता होती की मला तिच्याजवळून उठवेना.

"चिडलं न्हाईत न्हवं?" तिने विचारलं.

"छे. हसत गेले."

"रिकामं न्हाई न्हवं पाठवलंस? बोललास काय चार शब्द?"

"बोललो की. तू काय मला अडाणी समजतीस व्हय? एवढा आग्रह करत होते, त्यांचं मन कसं मोडायचं? म्हटलं, येऊ की आम्हीबी."

आक्काचा घास हातातच राहिला.

"तू एकटा का आपण दोघं?"

"सगळीच येतो म्हणालो," मी म्हणालो, आणि बोलता बोलता माझा मलाच आवाज ऐकू आला.

खालून ट्रॉल्या जात होत्या. तिने घास ताटात ठेवला, हात पाण्याच्या तांब्यात बुचकळला आणि शांतपणे विचारलं, "कवा येतो म्हणून सांगितलंस?"

मी रविवार म्हणालो होतो. रविवारी स्नेहललाही सुट्टी असते.